ट्रायकोमोनियासिस: रिपोर्टमध्ये काय वाचावे आणि काय वाचू नये

विचारणा थोडक्यात अशी आहे. लग्नाला नऊ वर्षे झालेल्या एका बाईंना काही महिन्यांपासून अंगावरून पिवळसर जात होते आणि खाजही होती. स्रावाच्या तपासणीत ‘ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस’ दिसल्याचा रिपोर्ट आला. योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या सहा दिवस वापरल्यावर बरे वाटले, पण दोन महिन्यांनी त्रास पुन्हा सुरू झाला. पतीला काहीच तक्रार नाही, म्हणून त्यांनी कोणतेही औषध घेतलेले नाही. हा संसर्ग आला कुठून, तो कधीपासून असावा, आणि ज्याला त्रासच नाही त्या माणसाने औषध का घ्यावे, असे तीन प्रश्न बाईंनी विचारले आहेत. सार्वजनिक स्वच्छतागृहातून हे येऊ शकते का, असेही त्यांनी जाता जाता विचारले आहे आणि त्या प्रश्नामागे कोणती आशा आहे, हे या व्यवसायात इतकी वर्षे काढल्यावर मला ओळखता येते.

आधी उत्तर देते, कारणे मागाहून सांगते. हा संसर्ग शारीरिक संबंधातून आलेला आहे असेच धरून चालावे. तो नेमका कधीपासून आहे आणि दोघांपैकी कोणाकडून कोणाकडे गेला, हे आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही तपासणीतून सांगता येत नाही. पतीने औषध घेतल्याशिवाय तुमचा उपचार पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही. किंबहुना दोन महिन्यांनी त्रास उलटण्याची दोन ठळक कारणे मला तुमच्याच हकिगतीत दिसतात, एक म्हणजे केवळ योनीमार्गात ठेवलेली गोळी आणि दुसरे म्हणजे उपचाराविना राहिलेला जोडीदार.

ट्रायकोमोनास हा जीवाणू नाही, विषाणू नाही आणि बुरशीही नाही. तो एकपेशीय परजीवी आहे, म्हणजे हिवताप आणि अमीबाचा आमांश ज्या मोठ्या गोतावळ्यातून येतात त्याच गोतावळ्यातला. हा भेद केवळ पुस्तकी नाही, कारण घशाच्या किंवा लघवीच्या जंतुसंसर्गावर आपण जी नेहमीची अँटिबायोटिके घेतो त्यांचा याच्यावर परिणाम होत नाही, आणि बुरशीवरच्या मलमाने चार दिवस खाज कमी झाल्यासारखी वाटली तरी परजीवी जागचा हलत नाही. पॅरिसमधील वैद्य आल्फ्रेद दोने यांनी १८३६ मध्ये ताज्या योनिस्रावात सूक्ष्मदर्शकाखाली तो प्रथम पाहिला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे त्याला बहुतेकांनी निरुपद्रवी रहिवासी मानले, आणि ‘असतो काही बायकांच्या अंगात’ या वृत्तीचा थोडा अंश आजही वैद्यकात शिल्लक आहे, असे माझे मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ या वयोगटात जगभर याचे सुमारे १५.६ कोटी नवे संसर्ग झाले. त्याच वर्षाचा क्लॅमिडिया या जीवाणूजन्य लैंगिक संसर्गाचा अंदाज १२.९ कोटींचा आणि परम्याचा, म्हणजे गोनोरियाचा, ८.२ कोटींचा होता. पूर्ण बऱ्या होणाऱ्या लैंगिक संसर्गांत सर्वांत मोठा आकडा असलेला आजार सर्वांत कमी बोलला जातो, ही गोष्ट मला वर्षानुवर्षे खटकत आली आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली तो कसा दिसतो हे जरा सविस्तर सांगते, कारण तपासणीचे सारे गुणदोष त्या दृश्यातच दडलेले आहेत. स्रावाचा थेंब सलाईनच्या थेंबात मिसळून काचपट्टीवर ठेवतात, वर पातळ कव्हरस्लिप टाकतात, प्रकाश थोडा कमी करतात आणि ४०० पट मोठे करून पाहतात. नजरेच्या वर्तुळात योनीच्या अस्तराच्या मोठ्या, चपट्या पेशी पसरलेल्या दिसतात आणि त्यांच्या मधल्या जागेत गोल पांढऱ्या पेशींची दाटी असते. त्या दाटीतली एखादी ‘पांढरी पेशी’ अचानक हिसका देते, स्वतःभोवती गिरकी घेते आणि शेजारणीला ढकलून पुढे सरकते. तोच हा. आकार नासपतीसारखा असतो आणि लांबी साधारण १० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. पुढच्या टोकाला चाबकासारखे चार धागे असतात, तर पाचवा धागा अंगाच्या कडेने जाणाऱ्या पातळ पडद्याला चिकटलेला असल्यामुळे तो पडदा लाटेसारखा हलताना दिसतो. एकदा हे हलणे पाहिले की निदानात शंका उरत नाही. मात्र दहा-वीस मिनिटांत स्लाइड थंड होऊ लागते, हालचाल मंदावते, जीव गोल होऊन स्वस्थ पडतो आणि मग तो कोणता व पांढरी पेशी कोणती, हे सांगताना अनुभवी डोळ्यांचीही पंचाईत होते. म्हणून नमुना घेतल्यावर शक्य तितक्या लवकर, तिथल्या तिथे पाहिला तरच या तपासणीला अर्थ असतो. बाटलीत घालून दुपारच्या फेरीने प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्यात ‘काही आढळले नाही’ असे आले तर ते मी निदान म्हणून स्वीकारत नाही. ताज्या नमुन्यातसुद्धा सूक्ष्मदर्शकाने साधारण ४४ ते ६८ टक्के संसर्गच पकडले जातात, म्हणजे जवळपास दर दुसरी-तिसरी बाधित स्त्री निसटते.

तुमच्या रिपोर्टमध्ये परजीवी प्रत्यक्ष हलताना दिसल्याची नोंद असेल, तर निदान पक्के समजावे. तोच उल्लेख गर्भाशयमुखाच्या पॅप तपासणीच्या रिपोर्टमध्ये आलेला असेल तर थोडे थांबावे, कारण ती तपासणी या कामासाठी नाहीच. रंगवलेल्या, सुकलेल्या पेशींमध्ये त्याचा भास होतो आणि असलेला तो दिसतही नाही. अशा वेळी परजीवीची जनुकीय सामग्री शोधणारी, पीसीआरच्या जातकुळीतली तपासणी करून घ्यावी. आज सर्वांत विश्वासार्ह तीच आहे. तिच्यासाठी स्त्रीने स्वतः घेतलेला योनिस्रावाचा नमुना किंवा लघवीही चालते, आणि पुरुषात तर भरवशाची अशी व्यवहारात तीच एक आहे. काही ठिकाणी परजीवीची प्रथिने ओळखून दहा-पंधरा मिनिटांत उत्तर देणारी प्रतिजन-पट्टीही मिळते; स्त्रियांच्या बाबतीत ती सूक्ष्मदर्शकापेक्षा बरीच सरस आहे.

आता ‘आला कुठून’ याविषयी. माणूस हा या परजीवीचा एकमेव नैसर्गिक यजमान आहे. तो स्त्रीच्या योनीमार्गात, मूत्रमार्गात आणि त्यांच्या लगतच्या ग्रंथींमध्ये राहतो; पुरुषात त्याचा मुक्काम मूत्रमार्गात आणि काही वेळा प्रोस्टेट ग्रंथीत असतो. आमांशाच्या अमीबाला जशी कवचबंद अवस्था असते आणि त्या अवस्थेत तो पाण्यात किंवा मातीत टिकून राहतो, तसे संरक्षक कवच याच्याकडे नाही. ओलसर कपड्यावर किंवा लघवीच्या थेंबात तो काही तास जिवंत राहू शकतो हे प्रयोगांत दिसलेले आहे, आणि स्वच्छतागृहाची समजूत त्यातूनच निघाली. पण जिवंत राहणे वेगळे आणि पुरेशा संख्येने योग्य जागी पोहोचून संसर्ग करणे वेगळे. सुकल्यावर तो मरतो. स्वच्छतागृहातून, पोहण्याच्या तलावातून किंवा कपड्यांतून हा आजार पसरतो असे म्हणायला व्यवहारात आधार मिळत नाही, म्हणून कोणाला बरे वाटावे यासाठी मी ते कारण सांगत नाही. दोन स्त्रियांच्या परस्पर संबंधांतूनही तो जातो. प्रसूतीच्या वेळी मुलीला आईकडून मिळण्याची शक्यता असते, पण तसे क्वचित घडते आणि आईच्या संप्रेरकांचा परिणाम ओसरला की नवजात मुलीतून तो सहसा निघून जातो. त्यानंतरच्या बालवयात हा परजीवी सापडला, तर लैंगिक अत्याचाराची शक्यता तपासणे हे डॉक्टरांचे कर्तव्य ठरते.

संबंधातून आलेला आहे, एवढे कळले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि इथे मला सर्वांत जास्त थांबायचे आहे. एकूण बाधितांपैकी ७० ते ८५ टक्के लोकांना एक तर काहीच त्रास नसतो किंवा दुर्लक्ष करता येईल इतका थोडा असतो. लक्षणे येणार असतील तर ती संसर्गानंतर ५ ते २८ दिवसांत येतात असे पुस्तकात असते आणि ते खरेही आहे. पण ती आलीच पाहिजेत असे नाही, आणि पुष्कळ दिवसांनीही ती डोके वर काढू शकतात. उपचार न मिळाल्यास स्त्रीच्या शरीरात हा संसर्ग कित्येक महिने, प्रसंगी काही वर्षेही मुक्काम ठोकून राहतो. पुरुषांमध्ये तो अनेकदा काही आठवड्यांत आपोआप नाहीसा होतो, पण सर्वांमध्ये नाही. या तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. आज तुमच्यात सापडलेला परजीवी मागच्या महिन्यात आलेला असू शकतो, तसाच तो तुमच्या किंवा पतीच्या आयुष्यातील या नात्याच्या फार आधीच्या काळातून, कोणालाही चाहूल न लागता, टिकून राहिलेला असू शकतो, जरी नऊ वर्षे हा काळ मोठा आहे आणि जितका काळ लांब तितकी ही शक्यता कमी होत जाते, हे मी लपवणार नाही. आज पतीची तपासणी करून ती निर्दोष आली, तर त्यावरून ‘तुझ्याकडूनच आला’ असेही सिद्ध होत नाही, कारण त्यांच्यातला संसर्ग तुम्हाला लागून गेल्यावर आपोआप मावळलेला असू शकतो. थोडक्यात, रिपोर्टला जिवाचे नाव ठाऊक असते, तारीख ठाऊक नसते. एखाद्या रिपोर्टवरून पतीला निर्दोष ठरवण्याचे काम मी करत नाही, तसेच त्याच्यावर आरोप ठेवण्याचेही करत नाही. दोन्हींसाठी तो पुरावा अपुरा आहे, आणि पती-पत्नींमधले जे बोलायचे ते त्या दोघांनी या कागदाला मध्ये न घेता बोलावे.

वयाविषयीही एक गैरसमज दिसतो. क्लॅमिडिया प्रामुख्याने विशीच्या आसपास सापडतो, तसे याचे नाही. चाळिशीनंतरच्या स्त्रियांतही तो पुष्कळ आढळतो. ‘या वयात कसले गुप्तरोग’ असे म्हणून तपासणी टाळली जाते आणि सारा दोष रजोनिवृत्तीच्या कोरडेपणावर ढकलला जातो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

हा परजीवी शरीरात काय करतो, तर योनीमार्गाच्या अस्तराला चिकटतो. एरवी नासपतीसारखा दिसणारा हा जीव पेशीला स्पर्श होताच पसरट होऊन तिच्यावर अंग टाकतो, तिला इजा करतो आणि अस्तराची फळी खिळखिळी करतो. निरोगी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जीवाणू आम्ल तयार करतात आणि तिथला पीएच, म्हणजे आम्लतेचे माप (आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त), साधारण ३.८ ते ४.५ राखतात. ट्रायकोमोनास हे जीवाणू गिळतो. त्यांची संख्या घटली की आम्लता उतरते, पीएच ५ किंवा ६ पर्यंत चढतो आणि ते वातावरण परजीवीला अधिकच मानवते. त्याला लोह लागते आणि ते तो रक्तपेशींमधून मिळवू शकतो, म्हणून पाळीच्या सुमारास किंवा पाळीनंतर त्रास वाढल्याचे काही स्त्रिया सांगतात, ते उगाच नसते. ‘आतून धुणे’ मात्र कृपा करून करू नका. साबणाने, जंतुनाशकाने किंवा नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानेही योनीमार्ग धुतला तर उरलेसुरले उपकारक जीवाणू जातात आणि परजीवी जागच्या जागी राहतो.

लक्षणे दिसली तर ती अशी असतात: पिवळसर किंवा हिरवट, काही वेळा फेसाळ स्राव, उग्र वास, बाहेरच्या भागाची खाज आणि आग, लघवीला जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणे आणि क्वचित त्यानंतर रक्ताचे डाग. गर्भाशयमुखावर लाल ठिपके उठून ते स्ट्रॉबेरीसारखे दिसते, हे वर्णन विद्यार्थिदशेत आम्ही सर्वांनी पाठ केलेले असते; नुसत्या डोळ्यांनी ते शंभरांतल्या दोनेक स्त्रियांतच दिसते. म्हणून ते दिसले नाही यावरून काहीच ठरत नाही. बुरशीच्या संसर्गात स्राव दह्यासारखा घट्ट व बहुधा वासरहित असतो आणि खाज अनावर असते. जीवाणूंचा समतोल बिघडून होणाऱ्या आजारात स्राव पातळ, राखाडी असतो आणि मासळीसारखा वास येतो. कागदावर हे तीन प्रकार स्वच्छ वेगळे आहेत. प्रत्यक्षात त्यांची सरमिसळ असते, दोन संसर्ग एकत्रही असतात आणि केवळ वर्णन ऐकून औषध लिहिणारा डॉक्टर पुष्कळदा चुकतो. सुरुवातीच्या वर्षांत मीही चुकले आहे. पुरुषाला काही जाणवलेच तर मूत्रमार्गात हलकी खाज, लघवीनंतर किंवा वीर्यपतनानंतर जळजळ, सकाळी किंचित पांढरट स्राव एवढेच. क्वचित प्रोस्टेटची किंवा वृषणालगतच्या नलिकेची सूज येते.

आता तुमची योनीमार्गातली गोळी. तिने बरे वाटले, कारण ज्या जागी ती ठेवली तिथले परजीवी पुष्कळसे मेले. मात्र मूत्रमार्गात आणि लगतच्या ग्रंथींमध्ये जे बसलेले असतात, त्यांच्यापर्यंत अशा गोळीतले किंवा जेलमधले औषध पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. ते बचावतात आणि थोड्या आठवड्यांत पुन्हा वस्ती करतात. म्हणून या आजारात तोंडाने घ्यायचे औषधच वापरायचे असते.

ते औषध म्हणजे मेट्रोनिडाझोल किंवा त्याच्याच कुळातील टिनिडाझोल आणि सेक्निडाझोल. मेट्रोनिडाझोल १९५९ पासून वापरात आहे आणि आजही पहिली पसंती त्यालाच आहे. त्याची काम करण्याची रीत मला नेहमीच देखणी वाटत आली आहे. आपल्या पेशींमध्ये प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉंड्रिया असतात. ट्रायकोमोनासकडे त्या नाहीत, त्याऐवजी हायड्रोजन वायू सोडणारे हायड्रोजेनोसोम नावाचे छोटे कोश असतात. मेट्रोनिडाझोल शरीरात जाते ते निष्क्रिय रूपात. परजीवीच्या या कोशातली यंत्रणाच त्याला इलेक्ट्रॉन देऊन विषारी रूप बहाल करते आणि ते रूप त्याचा डीएनए तोडते. शत्रूच्या भट्टीत शत्रूसाठीच हत्यार घडावे असा हा प्रकार आहे, आणि आपल्या पेशींत ती भट्टी नसल्यामुळे त्या बचावतात.

मात्रेबाबत गेल्या काही वर्षांत एक महत्त्वाचा बदल झाला आहे. पूर्वी स्त्री असो वा पुरुष, २ ग्रॅम एकाच वेळी देऊन मोकळे होण्याची पद्धत होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६२३ स्त्रियांपैकी निम्म्यांना एकच मोठा डोस आणि निम्म्यांना ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असे सात दिवस औषध दिले गेले. चार आठवड्यांनी एका डोसच्या गटात १९ टक्के स्त्रियांत परजीवी सापडला, तर सात दिवसांच्या गटात ११ टक्के स्त्रियांत. त्यानंतर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ च्या मार्गदर्शिकेत स्त्रियांसाठी सात दिवसांचा क्रम आणि पुरुषांसाठी २ ग्रॅमचा एक डोस अशी शिफारस केली. तुम्ही तुमच्या डॉक्टरांशी याच क्रमाविषयी बोलावे असे मी सुचवेन. गोळ्या स्वतःच्या मनाने मात्र घेऊ नयेत, कारण रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन, यकृताचा आजार किंवा गर्भधारणा असेल तर निर्णय बदलू शकतो. तोंडाला धातूसारखी चव येणे, मळमळणे, लघवी गडद होणे हे त्रास होतात. जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते. या औषधासोबत मद्य घेतले तर उलट्या होतात, असा इशारा वर्षानुवर्षे दिला जातो. त्यामागचा पुरावा कच्चा निघाला आणि वरील मार्गदर्शिकेने ती बंदी आवश्यक नसल्याचे म्हटले, तरी वेष्टनावर तो इशारा अजूनही असतो. ‘मद्य टाळा’ म्हणून सांगितल्यावर गोळ्याच टाळणारे महाभाग मला भेटले आहेत, म्हणून एवढा खुलासा केला.

पतीने औषध का घ्यावे, याचे उत्तर एव्हाना स्पष्ट झाले असेल. त्यांना त्रास नसणे हा संसर्ग नसल्याचा पुरावा नाही, त्यांची तपासणी सर्वत्र होत नाही आणि झाली तरी एखादा संसर्ग निसटू शकतो. म्हणून स्त्रीचे निदान पक्के झाले की पुरुष जोडीदाराला तपासणीची वाट न पाहता औषध द्यावे, हा सर्वमान्य संकेत आहे. एक प्रसंग मी पुनःपुन्हा पाहिला आहे. बाई सातही दिवस वेळेवर गोळ्या घेते, तिला बरे वाटते, पतीच्या चार गोळ्या मात्र ‘बघू’ म्हणून कपाटात पडून राहतात; सहा आठवड्यांनी बाई पुन्हा समोर बसलेली असते आणि ‘डॉक्टर, औषध लागू पडले नाही’ अशी तिची तक्रार असते. औषध लागू पडलेले असते. या संसर्गानंतर टिकाऊ प्रतिकारशक्ती येत नाही, त्यामुळे आज बरी झालेली व्यक्ती आठवड्याभरात पुन्हा बाधित होऊ शकते. शक्य असेल तर दोघांनी एकाच दिवशी औषध सुरू करावे. दोघांचेही औषध पूर्ण होऊन लक्षणे जाईपर्यंत संबंध पूर्ण टाळावा. एका डोसचे औषध घेतले असेल तर त्यानंतर सात दिवस थांबावे. कंडोममुळे धोका बराच कमी होतो, पण या आठवड्यात त्याच्या भरवशावर राहू नये.

दोघांनीही नीट औषध घेतले आणि तरी परजीवी सापडला, तर औषधाला दाद न देण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते. मेट्रोनिडाझोलला काही प्रमाणात न जुमानणारे परजीवी ४ ते १० टक्के नमुन्यांत आढळतात, टिनिडाझोलला न जुमानणारे त्याहून पुष्कळ कमी. बहुधा अधिक मात्रा किंवा टिनिडाझोल देऊन काम होते. तुम्ही तोंडाने औषध घेतलेलेच नसल्यामुळे तुमच्या बाबतीत हा विचार आज करण्याचे कारण नाही.

त्रास नसेल तर उपचार तरी कशाला, असेही पुरुष विचारतात. ट्रायकोमोनासमुळे अस्तराला सूज येते आणि ते ठिकठिकाणी विरते, त्यामुळे एचआयव्हीचा विषाणू समोर आल्यास तो शरीरात शिरण्याची शक्यता सुमारे दीडपट होते. एचआयव्हीबाधित स्त्रीमध्ये ओटीपोटातील अवयवांच्या दाहाशी याचा संबंध दिसतो. गर्भारपणी मुदतीपूर्व प्रसूती, पाणमोट लवकर फुटणे आणि बाळाचे वजन कमी भरणे यांच्याशी त्याचा संबंध आढळतो. इथे एक खाचखळगा आहे: गर्भवतीला त्रास असेल तर उपचार करावेत, मेट्रोनिडाझोल त्यासाठी वापरता येते आणि टिनिडाझोल टाळतात; पण औषध दिल्याने मुदतीपूर्व प्रसूती टळते असे सिद्ध झालेले नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत लक्षणे नसलेल्या गर्भवतींना दोनदा २-२ ग्रॅमचे डोस दिले, तेव्हा त्या गटात मुदतीपूर्व प्रसूती उलट जास्त झाल्या. म्हणून गर्भारपणी निर्णय प्रसूतितज्ज्ञाशी बोलूनच घ्यावा.

एक लैंगिक संसर्ग सापडला की इतरांचीही चौकशी करावी लागते, कारण त्यांची वाट एकच असते. तुम्ही दोघांनीही एचआयव्ही, सिफिलिस, गोनोरिया आणि क्लॅमिडिया यांच्या तपासण्या करून घ्याव्यात. हे संशयापोटी सांगत नाही; ज्यांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास आहे अशा जोडप्यांनाही मी हेच सांगते.

पतीला सांगायचे कसे, हा खरा अडसर आहे, याची मला कल्पना आहे. ‘तुमच्यामुळे मला हे झाले’ असे वाक्य घरात गेले की गोळ्या बाजूला राहतात आणि उलटतपासणी सुरू होते. ‘मला एक संसर्ग निघाला आहे, तो दोघांनीही औषध घेतल्याशिवाय जात नाही, पुरुषांमध्ये तो बहुधा जाणवत नाही आणि कधीचा आहे हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही,’ इतके चार तुकड्यांत सांगितले तर ते खरेही असते आणि पुरेसेही. जमले तर पतीला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि हे बोलणे डॉक्टरांवर सोपवावे. ते आमच्या कामाचाच भाग आहे. मात्र हे कळल्यावर मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी भीती असेल, तर आधी डॉक्टरांना एकटीने भेटून तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे पुढचे पाऊल तुमच्या सुरक्षिततेचा विचार करून ठरवता येईल.

औषध संपल्यावर बरे वाटले तरी साधारण तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासणी करून घ्यावी, कारण पुन्हा संसर्ग होण्याचे प्रमाण मोठे आहे आणि तो पुन्हा तितकाच गुपचूप येतो. जनुकीय तपासणी असेल तर औषध संपल्यापासून किमान तीन आठवडे जाऊ द्यावेत. त्याआधी मेलेल्या परजीवीचे अवशेषही तिच्यात दिसतात आणि बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा गोळ्या सुरू होतात. या वेळी पहिला रिपोर्ट आणि वापरलेल्या गोळ्यांचे वेष्टन सोबत न्यावे, म्हणजे पहिले औषध योनीमार्गात ठेवायचे होते हे डॉक्टरांच्या लगेच लक्षात येईल.